सात दिवसांसाठी

"पुस्तक नको हो सर, तुम्हीच सांगा," गिरजाकाकू म्हणाल्या. ग्रंथपाल खरवड्यांना गाव सगळं विचारायचं. मिरचीवरची कीड, पेन्शनचा अर्ज. उत्तर मिळालं की निघून जायचं. पुस्तक कुणी न्यायचं नाही.

आणि महिन्याभरात एकही पुस्तक घरी गेलं नाही, तर वाचनालय बंद होणार होतं. आज एकतीस तारीख.

खरवड्यांनी स्वतःच्या मनगटावर शिक्का मारला, खाली दाखल क्रमांक लिहिला आणि नोंदवही पुढे केली. "करा सही. सात दिवसांसाठी मला घरी न्या."

"हे पुस्तक जेवतं का?"

"दोन वेळा."

काकूंनी नेलं. खरवड्यांच्या घरी विचारायला कुणी नव्हतंच.

आठव्या दिवशी काकूंनी त्यांना परत आणून सोडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'जगाचं सगळं सांगतात. स्वतःचं एक अक्षर नाही. पुन्हा न्यावं लागेल.'