मुक्कामाला मधमाश्या

मधमाश्या खिडकीतून आत शिरल्या तेव्हा ती कांदा चिरत होती. आधी एक आली, मग चार-पाच, आणि मग सगळा लोंढाच. भिंतीवरच्या कपाटाच्या कोपऱ्याला त्या एकमेकींना धरून लटकल्या आणि बघता बघता उशीएवढा घोस झाला. तिने सुरी खाली ठेवली, गॅस बंद केला, बाहेर येऊन स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. डोळ्यांत पाणी होतं ते कांद्याचं. ती घाबरली-बिबरली नव्हती.

सगळे मागच्या व्हरांड्यात गोळा झाले. तळ्याकाठचं हे घर आठवड्यासाठी भाड्याने घेतलं होतं. बाहेरचं खायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. म्हणून अख्खा शिधा घरून आणला होता आणि आता तो कुलपाआड होता. सुट्टी सगळ्यांची होती; तिची नुसती चूल बदलली होती.

“कागद पेटवून धूर करतो,” दीर म्हणाला. “पाच मिनिटांत पळतील.”

“घर परक्याचं आहे, भाऊजी. आणि दमून आल्यात त्या. टेकू दे की घटकाभर.”

“अगं, मग जेवणाचं काय?” नवऱ्याने विचारलं.

“तेच मी विचारणार होते. काय करताय?”

त्याने हात पुढे केला. “किल्ली दे. उगाच हट्ट नको.”

“देणार नाही.”

आवाज जराही चढला नव्हता. ती भांडली असती तर त्याला जमलं असतं. हे काही त्याला जमेना.

सासूबाई खुर्चीत बसून नुसत्या बघत होत्या. कानातलं यंत्र त्यांनी आल्या दिवशीच चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. सुट्टीत कानांनाही सुट्टी, म्हणाल्या होत्या. यंत्राशिवाय त्यांच्या कानाशी कुणी बोंब ठोकली तरी पत्ता लागत नसे.

ती पायऱ्या उतरून गेली आणि तळ्यात पाय सोडून बसली. इथे आल्यापासून हे तळं तिने फक्त भांडी घासताना पाहिलं होतं. पाणी गार होतं. तिला इतकं बरं वाटलं की स्वतःचाच राग आला.

घरापुढे पुरुषमंडळींनी तीन दगड मांडले. गाडीच्या डिकीत बटाट्यांची एक पिशवी सापडली होती. फुंकून फुंकून दोघा भावांचे डोळे लाल झाले आणि बटाटे बाहेरून कोळसा, आतून कच्चे निघाले. पोरं तेच सोलून खात होती आणि खिदळत होती.

“वहिनी, मीठ कुठंय?” कोपऱ्यावरून हाक आली.

“कुलपात,” ती मान न वळवता म्हणाली.

उन्हं कलली. तळ्याकाठून मागे वळलं की स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. मधमाश्या आल्या तशाच खिडकीतून निघाल्या, तळ्यावरून पलीकडच्या झाडीत गेल्या. शेवटची दिसेनाशी झाल्यावर तिने व्हरांड्याकडे पाहिलं. सासूबाईही त्या झाडीकडेच बघत होत्या.

थोड्या वेळाने नवरा काळे हात पुसत आला. “बटाटे संपले. रात्रीचं काय? एव्हाना गेल्या असतील त्या. आण किल्ली.”

“गेल्या असोत नाहीतर नसोत. किल्ली मिळणार नाही.”

“आई, तू तरी सांग हिला.” त्याने दाराकडे बोट दाखवलं, हाताने किल्ली फिरवून दाखवली.

सासूबाई काठी टेकत उठल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या, दाराला कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या.

“आहेत,” त्या म्हणाल्या. “केवढ्या गुणगुणतायत! आपण निघेपर्यंत काही हलत नाहीत त्या. जा, बाहेरून काहीतरी घेऊन ये.”

चष्म्याची डबी मागे खुर्चीत तशीच होती, बंद.