एकशे एक

पाचवी ब. मुलगा. पोटात दुखते. ताप १०१. एक तास झोपवले.

आठवी अ. मुलगी. डोके. आज कवितेचे पाठांतर. ताप १०१.

सहावी क. मुलगा. शाळेत नवीन. काही सांगत नाही. ताप १०१. दोन तास.

नववी ब. मुलगी. घरी भांडणे. ताप १०१. डबा तसाच होता, इथे बसून खाल्ला.

मुख्याध्यापक वहीतून वाचत होते आणि सभागृहात हशा पिकत होता. शोकसभेत इतकं हसायचं असतं का, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण थांबवणार कोण? अडतीस वर्षं शाळेची सिकरूम सांभाळणारी मावशी गेली होती. तिच्या हातचा ताप आलेली माणसं टक्कल, चष्मे आणि सुटलेली पोटं घेऊन बाकांवर दाटीवाटीने बसली होती.

"आमच्या वर्गात तर गणिताच्या तासाला साथच यायची!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुला कसली साथ? तू कायमचाच आजारी!"

शाळेची एक माजी विद्यार्थिनी शेवटच्या रांगेत, दाराशी बसली होती. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून तशीच आली होती. पायांत अजून नर्सचे पांढरे बूट. खरं तर येणार नव्हतीच. शाळेतल्या मैत्रिणीने फोनवर झापलं, म्हणून आली. "सहा महिने मावशी तुझ्याच हॉस्पिटलात खेपा घालत होती ना गं? एकदा तरी भेटलीस?"

नव्हती भेटली. मावशी खाली रांगेत दिसली की ती दुसऱ्या जिन्याने वर जायची.

वाचन संपलं. आता प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे होते. माईक रांगेरांगेने मागे सरकत होता. तिच्यापाशी सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि गेलेल्या माणसाबद्दल कुणी असलं बोलत नाही.

तापाने तिलाही कधी दगा दिला नव्हता. सातवीत तर दर आठवड्याला. गणिताची चाचणी म्हटली की पोटात गोळा, आणि मग सिकरूम. खिडकीखालची कॉट, फिनेलचा वास, कपाळावर मावशीचा खरखरीत हात. मावशी तोंडातला थर्मामीटर काढायची, उजेडाकडे धरायची आणि डोळे मोठे करायची. "अरे बापरे, एकशे एक! पड बाई, पड." चादर गळ्यापर्यंत यायची आणि सगळं जग चादरीबाहेर राहायचं.

वार्षिक परीक्षेच्या सकाळीही ती तिथेच गेली. गणिताचाच पेपर. वडिलांनी आधीच बजावलं होतं, वर्ष बुडालं तर शाळा बंद, घरी बसायचं. पण त्या सकाळी तिला वर्षाची भीती नव्हती, पेपरची होती. मावशीने थर्मामीटर काढला, उजेडाकडे धरला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"नॉर्मल आहे," मावशी म्हणाली. "ऊठ."

"मावशी, नीट बघा ना! मला खरंच..."

"बघितलं. साडेअठ्ठ्याण्णव. चल, चप्पल घाल."

आणि सगळ्यांदेखत तिचं मनगट धरून मावशीने तिला वर्गाच्या दारापर्यंत ओढत नेलं.

ती काठावर पास झाली. पुढे शिकली, नर्स झाली. मनातली अढी मात्र गेली नाही. अख्ख्या शाळेसाठी खोटं बोलणारी बाई नेमकी तिच्याच वेळी खरं बोलली होती. त्या दिवसानंतर ती मावशीशी एक अक्षर बोलली नव्हती.

माईक अजून चार रांगा पुढे होता. मावशीचा थर्मामीटर हातोहात फिरत तिच्यापर्यंत आला. जुना, काचेचा. पारा एकशे एकवर. तिने सवयीने मनगटाला झटका दिला. एकशे एक. पुन्हा दिला, जोरात. एकशे एक.

शेजारी शाळेचे जुने शिपाईकाका बसले होते, आता पार वाकलेले. ते हसले.

"झटकू नकोस पोरी, हात दुखेल. मावशी नोकरीला लागली त्याच वर्षी अडकलाय तो. तू तेव्हा पाळण्यात असशील. नवा आणून देतो म्हटलं, तर म्हणाली, असू दे काका, हाच बरा आहे."

तिने थर्मामीटर काकांच्या हातात ठेवला. मग उठली. पुढच्या टेबलावर वह्यांची चळत होती, प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर साल. तिने आपलं साल शोधलं, वार्षिक परीक्षेचं पान काढलं. मावशीचं अक्षर गोल, ठसठशीत.

सातवी ब. मुलगी. गणिताची भीती. ताप १०१. पेपरला पाठवली.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मावशीने वहीत कधीच खोटं लिहिलं नव्हतं. जे दिसलं तेच लिहिलं. खोटं ती एकदाच बोलली होती.

कुणीतरी तिच्या हातात माईक दिला.

"मला मावशीने..." तिने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "मला मावशीने एकशे एक ताप असताना पेपरला बसवलं होतं."

सभागृह पुन्हा खदखदून हसलं. कुणीतरी टाळीही वाजवली. ती माईक धरून तशीच उभी राहिली, आणि कुणी तिला बसायला सांगितलं नाही.

मावशीची स्वतःची शाळा सातवीत सुटली. वार्षिक परीक्षेच्या सकाळी तिने बरं वाटत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि घरच्यांनी ते खरं मानलं होतं.