शेकोटीजवळची जागा

नलूच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं.

एकसष्टच्या थंडीत चिंचणीच्या किनाऱ्यावर मी तिचा फोटो काढला होता. मावळतीची वेळ, शेकोटीपाशी ती एकटी. "मास्तर, आभाल चांगला येल, मी मातर कालीच दिसन," ती हसली होती. तिचा नवरा नवशा होडीसकट नाहीसा होऊन तेव्हा महिना झाला होता.

तसंच झालं. वर आभाळ लख्ख, खाली नुसता काळोख. असला फोटो पाठवायचा कसा?

मग तिचं पत्र आलं : "माज्या बाजूला कोन बसलाय का, तेवडा बगा. त्या दिशी शेकोटी एकीकडं आनि ऊब दुसरीकडून येत व्हती."

काल धीर करून अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवरून नवी प्रत काढायला बसलो. आभाळावर प्रकाश जास्त वेळ पडू दिला आणि खालचा भाग काळा होऊ नये म्हणून त्यावर तळहात धरला. नलू उमटली. तिच्या शेजारी एक गुडघा उमटला.

माझाच हात चुकला असणार. हाताऐवजी पुठ्ठा धरून दुसरी प्रत काढली. आता तिच्या खांद्यावर कुणीतरी डोकं टेकलं होतं.

"नलू, बसलाय," एवढंच प्रतीच्या मागे लिहिलं.

आज पालघरच्या पोस्टात पाकीट पेटीत सोडताना बोटांना ऊब लागली.