रविवारचा बाजार

बाजाराला जाते असं सांगून बुरुलाई दर रविवारी कराकोल शहरातल्या चर्चमध्ये जायची. उपासना संपली की मंडळीतल्या बायकांबरोबर सगळ्यांच्या जेवणासाठी गाजरं चिरायची, भांडी घासायची आणि परतताना थोडे कांदे घेऊन यायची.

"एवढा उशीर? कांदे काय शेतातून उपटून आणलेस?" सासू सायरा विचारायची.

"गर्दी होती, आई."

घर मुसलमानांचं, येशूचं नाव काढलं तर सासू घराबाहेर काढेल, या भीतीनं बुरुलाईनं तिला कधीच काही सांगितलं नाही.

सासू गेली त्या दिवशी अंगणात मयतासाठी उभारलेल्या तंबूत बायका रडत होत्या. एक अनोळखी रशियन म्हातारी आत आली आणि बुरुलाईला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तू सायराची सून ना? मी वेरा. ती माझ्या घरी प्रार्थनेला यायची. ती येशूची होती, पोरी. तुला सांगणं तिच्यानं झालं नाही, म्हणून मी आले."

बुरुलाईनं विचारलं, "का नाही सांगितलं त्यांनी?"

 

"म्हणायची, कळलं तर सून घर सोडून जाईल."