गोठ्यातला पाळणा

गोठ्याच्या आढ्याला थोरला जयसिंग ट्रॅक्टरच्या दोरानं पाळणा टांगत होता, तेवढ्यात अंगणात तीन गाड्या येऊन थांबल्या. रत्नाबाईच्या हातातलं घुगऱ्यांचं पातेलं जागच्या जागी थबकलं. यांनाही आजचाच मुहूर्त सापडला.

येणारच होते म्हणा. तिचा धाकटा निरंजन, गाणी रचणारा, त्याला जाऊन आज दोन वर्षं भरली. धरणाच्या काठाला त्याच्या चपला तेवढ्या सापडल्या. घरी होता तेव्हा त्याचं गाणं ऐकायला कुत्रं बसत नव्हतं. गेला आणि ती गाणी घराघरांत पोचली. माणची, जांब्याची, कुठकुठली पोरं माले गावचा रस्ता विचारत यायला लागली. फोटोला हार घालायची आणि डोळे पुसायची.

रत्नाबाईला ते डोळे बघवत नसत. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनंच पोराला सुनावलं होतं, "तुझ्या रडगाण्यानं म्हस आटली. जा, धरणात जा." सगळा गाव तिच्या जिभेला टरकून असायचा आणि ती ते मिरवायची. त्या दिवसापासून मात्र ती जीभ तिलाच चावत होती.

गळ टाकून झाले, पाणबुडे उतरून झाले. धरणानं काही परत दिलं नाही. शेवटी दर्भाचा पुतळा जाळला आणि बंडोपंत गुरुजींनी दहावं सांगितलं. तेच बंडोपंत आज पडवीत बसून घड्याळाकडं बघत होते.

घरात बारसं आहे, काय ते लवकर आटपा, असं रत्नाबाईनं आल्या आल्या बजावलं. कुणाला वाईट वाटलं नाही. दुःखाच्या घरात पाळणा हलतोय म्हणून दोघीतिघींनी उलट पदर, ओढण्या डोळ्यांना लावल्या. मग फोटोसमोर सगळ्यांनी ते गाणं म्हटलं.

*पाणी उतरंल तवा दिसंल माझा गाव,*
*तवर कुणी हाकेला घेऊ नका नाव.*

धरणाखाली गेलेली जुनी गावं कडक उन्हाळ्यात वर येतात. कुठं भिंत दिसते, कुठं देवळाचा चौथरा. पोरांना त्यात आपापलं दुःख दिसायचं. आज ना उद्या ओसरेल, असं वाटायचं.

चहा झाला, गाड्या गेल्या. एक पोरगी तेवढी मागं राहिली. सायली तिचं नाव. जांब्यात खोली घेऊन राहायची आणि कंपनीत जायची. मागच्या वर्षी आली होती तेव्हा पर्समधून भावाचा फोटो काढून दाखवला होता. तो गेल्यापासून अन्नावरची वासनाच उडाली होती तिची. हातांच्या काड्या झाल्या होत्या.

ती रत्नाबाईच्या मागोमाग थेट गोठ्यात आली. पाळण्यापुढं जुन्या लुगड्याचा आडपडदा होता.

"पाळणा इथं का, आजी?"

"बारसं झाल्याबिगर उंबऱ्याच्या आत न्यायचं न्हाई, असं गुरुजी म्हणत्यात."

"आणि एवढा जाड दोर?"

"पोर जड हाय."

सायली हसली. नाव काय ठेवणार विचारलं. कुशाबा, आज्याचं हाय, असं रत्नाबाईनं सांगितल्यावर तिला आणखी हसू आलं. मग ते हसू ओठांवरच सुकलं.

"आजी, पाणी उतरेल असं त्यानं लिहिलं. मग तो का नाही थांबला? मी त्या एका ओळीवर दिवस काढतेय. ती खोटी असेल तर सांगून टाका. मी राग नाही धरणार."

रत्नाबाईनं पातेलं खाली ठेवलं. जिभेनं एकदा घात केला होता. आता ती आवरायची, असा शब्द तिनं घरात दिला होता. आणि समोर ही पोर, वाळल्या काटकीसारखी.

"खरी हाय," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्यो गेला त्यो माज्यापायी. पाण्याचा काय दोष न्हाई. जा, धरणात जा, असं मीच म्हनले त्येला." दोन वर्षांत हे तिनं परक्या माणसापुढं पहिल्यांदा उच्चारलं. "पर पाणी उतरतंय, बाय. लई येळ लागतो. उतरतंय. मी माज्या डोळ्यानं बघितलंय."

सायलीनं तिचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. पडद्याआड दोर करकरला.

"बाळ उठलं वाटतं. रडत कसं नाही?"

"रडून झालंय त्येचं."

रत्नाबाईनं घुगऱ्यांची वाटी पुढं केली. सायलीनं आधी एक दाणा तोंडात टाकला. मग वाटी रिकामी केली आणि आणखी मागितल्या. पुढच्या वर्षी बाळाला बघायला येईन म्हणाली, पाया पडली आणि गेली. रत्नाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. अर्धं सांगून पुरं पुण्य पदरात घेतलं होतं तिनं, आणि ते पुण्य निखाऱ्यासारखं पोळत होतं.

जयसिंगनं फाटक लावून घेतलं. वेळ झाली, असं बंडोपंतांनी पडवीतून सांगितलं. घरात आत्या नव्हती, म्हणून रत्नाबाई स्वतःच पडदा सारून पाळण्याशी वाकली. कानाशी तोंड नेऊन तिनं कुर्रर्र केलं.

"कुशाबा," ती म्हणाली, "जुन्या नावाचं दहावं झालं. आता नव्या नावानं उंबरा वलांड."

आणि दाढीखाली कुंचीची नाडी बांधलेला निरंजन अवघडलेले गुडघे सोडवत पाळण्यातून खाली उतरला.