शेवटच्या पत्राचं साल

"अजून तीन वर्षं," मुलगा म्हणाला आणि त्याने स्कॅनरचं झाकण मिटलं.

मुलगा अडुसष्टचा, आई नव्वदीची. डॉक्टरांच्या मते त्याने सहा महिने काढले तरी खूप झालं. तो तीन वर्षांच्या गोष्टी कुणाच्या भरवशावर करत होता कोण जाणे.

पियानोच्या जुन्या रचनांची स्वरलिपी कुणालाही फुकट वाचता यावी म्हणून निवृत्तीनंतर त्याने एक संकेतस्थळ उभं केलं होतं. अकरा हजार पानं चढवून झाली होती. नियम कडक. रचनाकाराला जाऊन साठ वर्षं उलटलेली हवीत. मृत्यूची नोंद नसेल, तर त्याचा शेवटचा मागमूस लागतो ते साल धरायचं. नियम त्यानेच केलेला, त्यामुळे कुणावर डाफरायचीही सोय नव्हती.

हा सगळा खटाटोप खरं तर हाताने लिहिलेल्या रचनांच्या एका वहीसाठी होता. वडिलांच्या.

वडील पियानो शिकवायचे. तो सात वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. त्या दिवसांतलं त्याला एकच आठवत होतं, पियानोचं झाकण बोटांवर पडलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. आई कचेरीत टायपिंग करून घर चालवू लागली. वडिलांची पत्रं मात्र आणखी चार वर्षं येत राहिली. टाइप केलेली, तीन-चार ओळींची. दौऱ्यावर आहे, अभ्यास कर, आईला त्रास देऊ नकोस. ती त्याने जिवापाड जपली. त्यांतल्या शेवटच्या पत्रानेच आता घात केला होता. त्याला सत्तावन्नच वर्षं झाली होती.

"फाडून टाक ते पत्र," आई म्हणाली. "कोण बघतंय?"

"आई, अकरा हजार पानांत एक साल खोटं घातलं नाही मी. आता बाबांच्याच नावापुढे घालू?"

तो दमून टेबलाला टेकला. टेबल डुगडुगलं. त्या कोपऱ्यातली फरशी दबलेली होती, पायाखाली कागदाची घडी सरकवून काम भागवलं होतं. फरशी नवी घालू म्हटलं की आईचं उत्तर ठरलेलं असायचं, मी मेल्यावर काय ती हौस भागव. आता तोच तिच्याआधी निघाला होता. दोघांनाही ते माहीत होतं, आणि तिला ते सोसवत नव्हतं.

"वही चढली की बरं वाटेल तुला?"

"सुटेन मी, आई."

ती त्याच्याजवळ आली. ती दोन वाकडी बोटं हातात घेऊन बराच वेळ चोळत राहिली.

"मग एकसष्ट वर्षं झाली, असं लिही. खोटं नाही ते. पत्रं कचेरीतून मीच टाइप करून टाकायचे."

"तू? मग बाबा?"

"झाकण आपोआप पडत नसतं रे," ती म्हणाली.

मग सावकाश वाकून तिने टेबलाच्या पायाखालची घडी ओढून काढली.

"पुरावा लागतो ना तुझ्या नियमाला? हे टेबल सरकव. ही फरशी काढ."