फुंकनळी

तिसऱ्या घावाला दाराची फळी फुटली आणि लोखंडी नळी आत घुसली. थोरल्याचं कपाळ फाटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. तरी त्याने पलंग दाराला आणखी रेटला.

"बाहेर ये, दादा! नाहीतर दारासकट तुला फोडतो!" बाहेरून धाकटा ओरडला.

दोघेही काच कारखान्यात. थोरला नळीने काच फुंकायचा, धाकटा साचा धरायचा. आठ दिवसांपूर्वी थोरल्याच्या तपासणीचा कागद आला. छातीत संसर्ग होता, श्वासातून पसरणारा. थोरल्याने तडक घर गाठलं आणि आतून कडी घातली. धाकट्याच्या घरी तेव्हा दोन दिवसांची मुलगी होती.

"मालकाने आजचाच दिवस दिलाय. तू आला नाहीस तर आपली टोळीच बाहेर!"

"मागे हो. माझा श्वास लागेल तुला."

"पोरगी दहा दिवसांची झाली, अजून तोंड बघितलं नाहीस तिचं. जन्मभर काच फुगवलीस, आता कडी काढायला दम नाही?"

फटीतून हात आत आला आणि कडी चाचपू लागला. थोरल्याने स्टूल उचलून बोटांवर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. धाकटा गुरासारखा ओरडला. दुसऱ्या हाताने त्याने नळी पुन्हा आत खुपसली. ती थोरल्याच्या बरगडीत बसली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून आत ओढून घेतली.

नळीचं पितळी तोंड त्याच्या हातात आलं. त्यावर त्याच्याच दातांची खूण होती.

"ही मी भट्टीत टाकायला सांगितली होती तुला."

मग धाकट्याचा आवाज आला, एकदम बारीक.

"नाही टाकवली, दादा. नळी थंड पडली की जागा गेली, आपल्या कारखान्याचा नियमच आहे. तुझी जागा राहावी म्हणून आठ दिवस मीच फुंकतोय. काच तडकते, मालक शिव्या घालतो, तरी..." पुढचे शब्द खोकल्यात गेले.

थोरल्याने पलंग बाजूला सारला. कडी काढली. धाकटा घाबरून मागे सरला, तोच थोरल्याने त्याची गचांडी धरून त्याला आत खेचलं. तो फरशीवर आपटला.

"मारू नकोस, दादा."

थोरल्याने दार लावलं. कडी घातली. पलंग पुन्हा दाराला लावून त्यावर बसला. कपाळाचं रक्त आता हनुवटीवरून ठिबकत होतं.

"पोरीला घेतलं नाहीस ना?" त्याने विचारलं.

धाकट्याने मोडलेली बोटं छातीशी धरली.

"आत्ता येईपर्यंत मांडीवरच होती," तो म्हणाला. "खाली ठेवलं की जास्त खोकते."